आबांच्या तंबूला दोन भोकं

आबांच्या हातचं काही आजवर गळलं नव्हतं. त्यामुळे पहाटे रुजुताच्या नाकावर थंडगार थेंब पडला, तेव्हा तिने सगळ्यात आधी गारठ्यावर संशय घेतला.

गारठ्या म्हणजे बोरस्त्यांच्या घरचा जुना रोबो. निफाडजवळच्या त्यांच्या शीतगृहात त्याने वर्षानुवर्षं द्राक्षांचे क्रेट उचलले होते आणि आता निवृत्त होऊन तो अंगणात राहत होता. थट्टा करायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तो तर तंबूच्या बाहेर होता. रुजुताने वर पाहिलं. छताच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थेंबांची रांग लागली होती. खिडकीची काच घामेजली होती. गादीचा कोपरा उचलला तर खालून ती ओली. निफाडला जानेवारीत कडाक्याची थंडी पडते, पाऊस पडत नाही. मग हे पाणी आलं कुठून?

"आबा, उठा. तंबू गळतोय."

आबा ताडकन उठून बसले आणि लगेच त्यांनी कपाळ दाबलं. डोकं जड झालं होतं. रुजुताचंही झालं होतं.

"काय बोलून ऱ्हायली तू?" आबा म्हणाले. "माझं पॅनल गळतं?"

त्यांना राग येणं साहजिक होतं. रुजुताचे आजोबा संदीप बोरस्ते हे शीतकरणाचे शास्त्रज्ञ. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी शीतगृहांची दारं त्यांच्या नजरेखाली बसली होती आणि त्या प्रत्येक दारावर एक छोटी निळी पाटी होती, 'बोरस्ते. हवाबंद.' त्या दारांच्या आत फेब्रुवारीत तोडलेली द्राक्षं उन्हाळ्यातसुद्धा कालच तोडल्यासारखी दिसत. रुजुता शाळेत नव्या कुणाशी ओळख झाली की दुसऱ्या वाक्याला ही गोष्ट सांगायची. आता तशीच एक पाटी, जपून ठेवलेली शेवटची, आबांनी या तंबूच्या दारावर लावली होती. थोडी वाकडी बसली होती, पण दिमाखात बसली होती.

तंबूचा हा सगळा खटाटोप 'उंच वाट' फेरीसाठी चालला होता. मे महिन्यात राज्यातली निवडक मुलं घरातल्या एका मोठ्या माणसाबरोबर आपापल्या विजेच्या गाडीने नाशिकहून लडाखला जाणार होती. वाटेत हॉटेल नाही, धर्मशाळा नाही. मुक्कामाची सोय ज्याची त्याने बरोबर न्यायची. रुजुताची निवड झाली होती आणि जोडीदार म्हणून तिने आबांचं नाव दिलं होतं. अट एकच होती. येत्या रविवारी हातगडच्या पठारावर चाचणीचा मुक्काम करायचा आणि सकाळी अंथरूण कोरडं दाखवायचं. लडाखच्या थंडीत ओलं अंथरूण म्हणजे जिवाशी खेळ. ओलं निघालं, तर जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती.

मुक्कामाची सोय कोणती निवडावी यावर नात आणि आजोबा महिनाभर खल करत बसले होते. गाडीच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर रुजुताला फार आवडलं होतं. त्यात स्वयंपाकाचा ओटासुद्धा होता. पण तेवढं वजन घाटातून वर ओढायचं तर बॅटरी निम्म्या वाटेत मान टाकणार, आणि डोंगरातल्या अरुंद वळणांवर ते घर वळणार कसं? जमिनीवरचा साधा तंबू हलका, पण लडाखची दगडी जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. शेवटी दोघांचं गाडीच्या टपावरच्या तंबूवर एकमत झालं. प्रवासात तो टपावर घडी होऊन बसतो आणि मुक्कामाला उघडून शिडी लावली की झोपायची खोली तयार. विकतचा घ्यायला मात्र आबा तयार होईनात. त्यांनी तो स्वतः बनवला, पातळ पफ पॅनलचा (दोन पत्र्यांमध्ये फेस भरून केलेली फळी, जी उष्णता सहजासहजी आरपार जाऊ देत नाही). दाराला शीतगृहाच्या दारासारखीच रबरी पट्टी. दार लावलं की मुंगीलासुद्धा वाट मिळणार नाही.

आणि असा हा तंबू गळत होता.

आबांनी चहासुद्धा घेतला नाही. बागेचा पाइप ओढून आणला आणि तंबूवर पाण्याचा मारा केला. रुजुता आत बसून कोपरे न् कोपरे पाहत राहिली. एक थेंब आत आला नाही.

"बघ," आबा म्हणाले. "तुझी पाण्याची बाटली सांडली असंल."

"बाटली भरलेली आहे, आबा. आणि बाटली छताला कशी सांडेल?"

त्या रात्री आबांनी गारठ्याला तंबूत झोपवलं, दार घट्ट लावून. सकाळी दार उघडलं तर छताची पट्टी कोरडी, काच कोरडी, गादी कोरडी.

"अहवाल," गारठ्या म्हणाला. त्याला प्रत्येक बोलण्याआधी तसं म्हणायची सवय होती. "गळती नाही."

आबांची छाती फुगली. रुजुता मात्र शिडीवरच बसून राहिली. गारठ्या झोपला तर कोरडं, आपण झोपलो तर ओलं. तंबू तोच, थंडी तीच. म्हणजे पाणी तंबूतून येत नव्हतं. ते माणसांबरोबर आत जात होतं. पण कसं?

ती गारठ्याच्या अगदी तोंडासमोर जाऊन म्हणाली, "गारठ्या, खरं सांग, आत काय काय झालं?"

"तुम्ही जवळून बोलू नका," गारठ्या म्हणाला. "मला दिसेनासं होतं."

त्याच्या डोळ्याच्या काचेवर धुकं जमलं होतं. त्याने बोटाने ते पुसलं. रुजुताने मुद्दाम पुन्हा हाऽऽ केलं. पुन्हा धुकं. मग ती आबांना हाताला धरून घेऊन आली आणि त्यांनाही हाऽऽ करायला लावलं. आबांच्या श्वासाने तर गारठ्या पार आंधळाच झाला.

"आपण श्वासाबरोबर वाफ बाहेर टाकतो, आबा. गारठ्या श्वासच घेत नाही, म्हणून तो कोरडा राहिला."

"वाफ टाकतो, पण केवढी?" आबा म्हणाले. "गादी भिजेल एवढी? मोजल्याशिवाय बोलू नये."

हे आबांचं नेहमीचं होतं आणि रुजुताला ते आवडायचं. ती विचारात पडली. तेवढ्यात गारठ्या डोळा पुसत म्हणाला, "अहवाल. श्वासाचा विषय निघाला म्हणून सांगतो. काल सकाळी तुम्ही दार उघडलं तेव्हा माझा हवेचा दिवा लाल झाला होता. कार्बन डायऑक्साइड (आपण श्वासावाटे सोडतो तो वायू) फार साठला होता. शीतगृहात असा दिवा लागला की मी माणसांना बाहेर काढतो. तंबूबद्दल मला सूचना नव्हती."

आबांचा चेहरा उतरला. दोघांची डोकी का जड झाली होती ते त्यांना त्या क्षणी कळलं. हवाबंद खोलीत माणसाने झोपायचं नसतं, हे ते आयुष्यभर शीतगृहातल्या कामगारांना बजावत आले होते, आणि स्वतःच्या नातीला त्यांनी तशाच खोलीत झोपवलं होतं. ते तडक शिडी चढून वर गेले आणि तंबूचं दार सताड उघडून त्याला दोरी बांधून टाकली.

आता घरातच झोपून मोजमाप करायचं ठरलं. शीतगृहातला क्रेट तोलायचा वजनकाटा अंगणात आला. झोपण्याआधी दोघांनी त्यावर उभं राहून वजन केलं आणि सकाळी उठल्याबरोबर, बाथरूमला जायच्याही आधी, पुन्हा केलं. मध्ये कुणी काही खाल्लं नाही, प्यायलं नाही. तरीही दोघांचं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास कमी भरलं.

"झोपेत आपण एवढं हरवतो?" रुजुताने विचारलं.

"त्यातलं बहुतेक पाणीच," आबा सावकाश म्हणाले. "थोडं श्वासातून, थोडं कातडीतून. घाम फुटला नाही तरी कातडीतून वाफ जातच असते." ते काट्याकडे बघत होते, पण मनाने शीतगृहात पोचले होते. "आता नीट ऐक. हवेत वाफ मावते. ऊबदार हवेत जास्त, गार हवेत कमी. मोठा क्रेट आणि लहान क्रेट समज. तंबूतली ऊबदार हवा आपल्या वाफेने काठोकाठ भरली की ती संपृक्त झाली (म्हणजे आणखी वाफ मावेनाशी झाली). मग ती हवा एखाद्या गार वस्तूला टेकली, की तिथे तिचा क्रेट लहान होतो. जास्तीची वाफ सांडते."

"आणि सांडलेली वाफ म्हणजे थेंब."

"त्याला म्हणतात संघनन (वाफेचं पुन्हा पाणी होणं). ज्या तापमानाला हे सुरू होतं, तो दवबिंदू. गवतावर दव पडतं ते असंच."

"मग भिंती कोरड्या आणि पट्टी ओली, हे कसं?"

"पॅनल ऊब धरून ठेवतं. धातूची पट्टी आरपार आहे, तिच्यातून ऊब बाहेर पळते, म्हणून ती सगळ्यात गार. काच तशीच. गादीखाली तर हवाच फिरत नाही." आबांना आता बोलण्याचा रंग चढला होता. "आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये तर आम्ही ही वाफ मुद्दाम कोंडतो. हवा कोरडी पडली की द्राक्षाचा देठ सुकतो, मणी सुरकुततो. म्हणून दारं अशी करायची, की आतला ओलावा आतच..."

ते मध्येच थांबले.

रुजुताला आबांचा फार अभिमान होता आणि म्हणूनच पुढचं बोलणं तिला जड जात होतं. पण ती बोलली.

"आबा, तुम्ही आपल्याला द्राक्षांसारखं जपलंत."

आबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पण पोरी, लडाखला हवा खेळती ठेवायची म्हणजे बाहेरचा गारठा आत घ्यायचा. कोरडे राहू, पण गोठून जाऊ."

ही शंका खरी होती. दुपारभर ती विचार करत हिंडली. संध्याकाळी तिने एकसारख्या दोन स्टीलच्या बाटल्या कडकडीत पाण्याने भरल्या. एकीला कोरडा लोकरी मोजा चढवला, दुसरीला तसाच मोजा ओला करून. दोन्ही अंगणात गार वाऱ्यात ठेवल्या आणि गारठ्याला तापमान सांगत राहायला बसवलं. ओल्या मोज्यातली बाटली बघता बघता कोमट झाली. कोरड्या मोज्यातली अजून हाताला चटका देत होती.

"लोकर गरम नसते, आबा. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरते. पाणी शिरलं की ती हवा निघून जाते आणि पाणी ऊब घेऊन पळतं. वर ते सुकताना आणखी ऊब खातं. म्हणजे थंडीपेक्षा ओल वाईट. ऊब अंथरुणाने धरायची. खोलीने फक्त वारा आणि पाऊस अडवायचा."

"अहवाल," गारठ्या म्हणाला. "फेरीच्या गोदामात दुहेरी कापडाचे तयार तंबू आहेत. आतलं कापड वाफ जाऊ देतं, बाहेरचं पाऊस अडवतं. मागितला की मिळतो. वजनही कमी."

गारठ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आबांनी मान हलवली. "तोच घे," ते म्हणाले. "तुझी जागा जायला नको. हा ठेवू घरी." आवाज त्यांनी अगदी सहज ठेवला होता, पण हात निळ्या पाटीवर होता.

तयार तंबू घेणं सोपं होतं. पण या तंबूचं पॅनल उत्तम होतं, वजन बेताचं होतं, वाऱ्याला तो हलत नव्हता. त्याला फक्त श्वास घेता येत नव्हता. त्याच्या जागी कापडाचा तंबू टपावर बांधून लडाखला जाण्याची कल्पनाच तिला करवेना.

"नाही," ती म्हणाली. "हाच न्यायचा. पण याला भोकं पाडावी लागतील. दोन."

"भोकं," आबा म्हणाले.

"एक दाराशेजारी खाली, एक समोरच्या भिंतीत वर. ऊबदार ओली हवा वर चढते, ती वरच्या भोकातून बाहेर जाईल. तिच्या जागी खालच्यातून कोरडी हवा येईल. एकच पाडलं तर हवा कोंडलेलीच राहील."

आबा उठले आणि शेडकडे निघून गेले. बराच वेळ आले नाहीत. रुजुताला वाटलं, दुखावले. आपण जरा जास्तच बोललो. ती त्यांच्या मागे जायला निघणार, तोच ते आले. हातात ड्रिल होतं आणि त्याला गोल कापणारं पातं लावलेलं होतं. त्यांनी ते रुजुताच्या हातात दिलं.

"खूण तू कर, कापही तूच. मी कापलं तर हात मागे येईल."

पहिलं भोक जरा वेडंवाकडं झालं, कारण पत्र्यावर पातं घसरलं. पत्रा कापला गेल्याचा आवाज आला तेव्हा आबांनी डोळे मिटले. दुसरं मात्र झकास गोल झालं. दोन्ही भोकांना त्यांनी डासांची जाळी लावली, वर पाऊस अडवणारी टोपी लावली आणि थंडीवाऱ्याप्रमाणे कमी-जास्त उघडता येईल अशी झडप बसवली. झडप कधीही पूर्ण बंद होऊ नये म्हणून आबांनी तिच्यात एक खिळा ठोकला. गादीखाली द्राक्षाच्या क्रेटच्या तळाच्या जाळ्या पसरल्या, म्हणजे तिथूनही हवा फिरेल. ही कल्पना गारठ्याची होती. क्रेटबद्दल त्याच्याइतकं प्रेम कुणाला नव्हतं.

रविवारी हातगडच्या पठारावर टपावरचे तंबू, चाकांवरची घरं, कापडी राहुट्या अशी जत्राच भरली होती. थंडी बोचरी होती. झोपण्याआधी रुजुताने दोन्ही झडपा तपासल्या आणि मग आबांनी तपासल्या. अंगाखाली जाड गादी, अंगावर लोकरी रजया. नाकाला गार लागत होतं, पण पाय ऊबदार होते.

सकाळी परीक्षक आल्या. मुक्ता गांगुर्डे त्यांचं नाव. लडाखची वाट त्यांनी स्वतः गाडी चालवत अनेकदा पार केली होती. त्या शिडी चढून आत आल्या आणि गादीखाली हात घातला. मग छताच्या पट्टीवरून रुमाल फिरवला. पट्टीच्या एका टोकाला दोन-चार थेंब होतेच, ते रुमालाला लागले. मुक्ताताईंनी रजई उलटी करून गालाला लावून पाहिली.

"पट्टी थोडी दमट, अंथरूण कोरडं," त्या म्हणाल्या. "डोकं दुखतंय का कुणाचं?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

खाली उतरताना मुक्ताताईंची नजर दारावर गेली. निळी पाटी आणि तिच्या शेजारीच वेडंवाकडं भोक. त्यांना हसू आलं. "आजोबा, पाटी म्हणते हवाबंद, आणि शेजारी हे भोक. खरं काय समजायचं?"

आबा ताठ उभे राहिले. रुजुताने त्यांना शीतगृहाच्या उद्घाटनालासुद्धा एवढं ताठ पाहिलं नव्हतं.

"पाटी माझी आहे," आबा म्हणाले. "भोक माझ्या नातीने पाडलंय. पाटी चुकली. भोक बरोबर आहे."

मुक्ताताईंनी रुजुताकडे पाहिलं, हात पुढे केला आणि एखाद्या मोठ्या माणसाशी करावं तसं हस्तांदोलन केलं. "मे महिन्यात भेटू," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर आबा गाडी चालवत गुणगुणत होते. आकाशात सकाळचा फिकट चंद्र अजून दिसत होता. रुजुता त्याच्याकडे बघत होती.

"आबा, चंद्रावर मुक्काम करायचा झाला, तर भोक पाडून चालणार नाही ना?"

"छे. तिथे बाहेर हवाच नाही. भोक पाडलं की आतली सगळी पळून जाईल."

"मग तिथे श्वासाची वाफ कुठे जाणार?"

"गार पट्टीवर मुद्दाम गोळा करायची, गाळायची आणि प्यायची. तिथे पाण्याचा थेंबसुद्धा फुकट घालवता येणार नाही. आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला वेगळं यंत्र लागेल."

"म्हणजे तिथे हवाबंदच बरोबर," रुजुता म्हणाली. "आत कोण राहणार आणि मुक्काम कुठे आहे, हे आधी पाहायचं. मग तंबू ठरवायचा."

आबांनी मान डोलावली आणि बराच वेळ ते रस्त्याकडे बघत हसत राहिले.

मे महिन्यात निघायच्या सकाळी रुजुता सामान ठेवायला तंबूत चढली, तर दारावर पाटी नव्हती. आबा खाली उभे होते, हातात स्क्रू ड्रायव्हर होता. त्यांनी ती निळी पाटी सदऱ्याला पुसली आणि तिच्या हातात ठेवली.

"ही जपून ठेव. चंद्रावरचा तंबू तू बनवशील, त्याला लागेल. तिथे सरळ लाव. माझी वाकडी बसली होती."

रुजुताने पाटी दप्तराच्या आतल्या कप्प्यात, स्वेटरच्या घडीत ठेवली.

"अहवाल," गारठ्या मागून म्हणाला. "पाटीच्या स्क्रूची धरून तंबूला आता चार भोकं आहेत."

पाटीची दोन आबांनी लगेच लुकणाने बुजवली. रुजुताच्या दोन भोकांना मात्र त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. चांदवडला गाडी चार्ज करायला थांबली, तेव्हा एका ट्रकवाल्याने सहज विचारलं, "बाबा, हा पत्रा फाटला का हो?" आबा तेवढ्याचीच वाट बघत होते. त्यांनी त्याला हाताला धरून शिडीपर्यंत नेलं, बोटाने भोकाची वेडीवाकडी कड दाखवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. लडाख अजून फार लांब होतं, आणि वाटेत चार्जिंगचे थांबे भरपूर होते.